कोटिंग ९०० अंशांना टिकेल का? चक्रीय ऑक्सिडेशन चाचणी, तयारीपासून अहवालापर्यंत

उच्च तापमानाला धातू वाचवणारे कोटिंग स्वतः ऑक्सिडाइझ होतेच. त्यातले क्रोमियम किंवा ॲल्युमिनियम हवेतल्या ऑक्सिजनशी आधी संयोग पावते, पृष्ठभागावर दोन-चार मायक्रॉनचा दाट थर धरते आणि मागून येणाऱ्या ऑक्सिजनची वाट अवघड करते. म्हणून कोटिंग तपासताना दोन प्रश्नांची उत्तरे हवी असतात. हा थर किती सावकाश वाढतो? आणि भट्टी तापत-थंड होत राहिली तर तो धातूला किती घट्ट धरून राहतो? सॅम्पल सलग तापवत ठेवले की फक्त पहिल्याचे उत्तर मिळते. दुसऱ्यासाठी ते पुन्हा पुन्हा तापवावे आणि थंड करावे लागते. प्रत्यक्षातले बहुतेक भाग थंड होतानाच खपल्या टाकतात, त्यामुळे चक्रीय चाचणी टाळून चालत नाही.

या लेखात एचव्हीओएफ (जळत्या वायूच्या अतिवेगवान झोताने पावडर फवारण्याच्या) पद्धतीने फवारलेली दोन कोटिंग समोर ठेवली आहेत: निकेल-२० क्रोमियम आणि निकेल-२२ क्रोमियम-१० ॲल्युमिनियम-१ इट्रियम (नायक्रॅली). तापमान ९०० अंश सेल्सिअस, वातावरण साधी हवा. प्लाझ्मा फवारणी किंवा पॅक ॲल्युमिनायझिंगच्या (पावडरीत पुरून, तापवून ॲल्युमिनियम मुरवण्याच्या) कोटिंगलाही हीच पद्धत थोड्याफार फरकाने लागू पडते.

आधी तापमान आणि मूळ धातू ठरवा

निकेल-क्रोमियमच्या पृष्ठभागावर क्रोमिया म्हणजे क्रोमियम ऑक्साइड तयार होते. साधारण १००० अंशांच्या वर ते वायुरूप होऊन उडू लागते आणि वजन वाढण्याऐवजी घटू लागते. हवेत वाफ असेल तर ही गळती त्याहून बऱ्याच कमी तापमानाला सुरू होते. नायक्रॅलीवर ॲल्युमिना धरते. ते क्रोमियापेक्षा सावकाश वाढते आणि उडून जात नाही. पण ९०० अंशांना सुरुवातीला बनते ते बहुधा थीटा प्रकारचे, सुयांसारखे आणि वेगाने वाढणारे ॲल्युमिना. दाट, स्थिर अल्फा प्रकार मागाहून येतो. त्यामुळे पहिल्या काही तासांत नायक्रॅलीची वजनवाढ अपेक्षेपेक्षा जास्त दिसली तर लगेच कोटिंगला दोष देऊ नका.

सगळ्यात जास्त चाचण्या वाया जातात त्या मूळ धातूच्या निवडीत. बॉयलर ट्यूबचे टी-९१ पोलाद घेऊन त्यावर कोटिंग करायचे आणि ९०० अंशांना चक्रे द्यायची, हा प्रकार सर्रास चालतो. टी-९१ सुमारे ८०० अंशांच्या वर ऑस्टेनाइटमध्ये (पोलादाच्या उच्च तापमानातल्या स्फटिकरचनेत) बदलू लागते आणि हवेत थंड होताना ४०० अंशांच्या खाली पुन्हा मार्टेनसाइट (कठीण स्फटिकरचना) होते. या बदलात आकारमान आधी आक्रसते, मग फुगते. प्रत्येक चक्रात खालचा धातू असा हलत असेल तर कोटिंगला तडे जाणारच. मग अहवालात ‘कोटिंग निकामी’ असे लिहिले जाते, पण निकामी ठरते ती सॅम्पलची निवड. टी-९१ वापरायचेच असेल तर ६५० ते ७५० अंशांत चाचणी घ्या. ९०० अंश हवे असतील तर ३४७-एच सारखे ऑस्टेनाइटी स्टेनलेस किंवा निकेलचा सुपरॲलॉय (उच्च तापमानालाही मजबूत राहणारा मिश्रधातू) घ्या.

साध्या पोलादावर तापमान वाढवून ‘लवकर निकाल’ काढण्यातही असाच सापळा आहे. ५७० अंशांच्या वर लोखंडावर वुस्टाइट हा वेगळा ऑक्साइड बनतो आणि तो फार झपाट्याने वाढतो. ९०० अंशांना उघडे पोलाद आणि कोटिंग यांत दिसणारी पन्नास पटींची तफावत ५५० अंशांवर चालणाऱ्या ट्यूबबद्दल काही सांगत नाही. चाचणीचे तापमान वापराच्या तापमानाहून फार तर ५० ते १०० अंश वर ठेवा आणि मधे कोणता धातुबदल किंवा ऑक्साइडबदल येतो का, हे आधी पाहा.

आणखी एक मर्यादा आधीच मान्य करून पुढे जावे. साध्या हवेतली चाचणी राखेतल्या क्षारांच्या हल्ल्याबद्दल गप्प असते. सोडियम सल्फेट ८८४ अंशांना वितळते, व्हॅनेडियमबरोबर मिसळले तर त्याहून बरेच आधी. वितळलेला क्षार ऑक्साइडचा थर विरघळवतो. त्याची चाचणी वेगळी लावावी लागते.

सॅम्पल तयार करणे

२० × १५ × ३ मिमी हे माप सोयीचे आहे. बोटीत, म्हणजे सॅम्पल ठेवायच्या ॲल्युमिनाच्या लहान होडीसारख्या भांड्यात, नीट बसते आणि वजन मोजण्याइतके पृष्ठफळ मिळते. वायर-कटने (विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेने) कापले असेल तर कडेला वितळून गोठलेला पातळ थर असतो. तो १२० ते २२० नंबरच्या कागदावर पूर्ण घासून काढा. मग सगळ्या कडा आणि कोपरे ०.५ ते १ मिमी त्रिज्येने गोल करा. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नका. धारदार कडेवर फवारा नीट बसत नाही, आणि थंड होताना तिथे दोन बाजूंचा ताण एकत्र येतो. वाढती चक्रे देत गेलात तर पहिली खपली बहुधा कडेवरूनच सुटते.

कोटिंग सहाही बाजूंना हवे. एकाच बाजूला फवारून बाकीच्या पाच बाजू उघड्या ठेवल्या तर मोजलेल्या वजनवाढीत मूळ धातूचा वाटा किती आणि कोटिंगचा किती, हे कोणालाच सांगता येणार नाही. फवारताना सॅम्पल जिथे पकडतात ती जागा कोरी राहते, म्हणून एकदा पकड बदलून दुसऱ्यांदा फवारून घ्या आणि फवारणी करणाऱ्याला हे कामाच्या कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेले शॉपफ्लोअरवर पोहोचत नाही.

नंबर ठोकू नका. ठोकलेली खाच कोटिंगखाली दोष बनून राहते. मार्करची शाई जळून जाते. सॅम्पलची ओळख बोटीवरून ठेवायची: एक सॅम्पल, एक बोट, शेवटपर्यंत तीच जोडी.

किती सॅम्पल करायचे? प्रत्येक कोटिंगचे तीन पूर्ण चक्रांसाठी, एक दहाव्या चक्रानंतर काढून कापायला, एक भट्टीत न घालता तसेच राखून ठेवायला, आणि मूळ धातूचे कोटिंग नसलेले दोन. राखून ठेवलेला सॅम्पल अनेक जण वाचवायला बघतात आणि मग शेवटी कापलेल्या तुकड्यात दिसणारी गोष्ट मुळात होती की भट्टीत झाली, यावर अडून बसतात.

फवारणीबद्दल थोडक्यात. पावडर १५ ते ४५ मायक्रॉनची, कोटिंगची जाडी २०० मायक्रॉनच्या आसपास, दर फेरीला १० ते २५ मायक्रॉन. फवारताना दाबाच्या हवेने सॅम्पल २०० अंशांच्या खाली ठेवायचे. त्याआधी ॲल्युमिना ग्रिटने (टोकदार कणांच्या माऱ्याने) ब्लास्टिंग करायचे आणि मग ॲसिटोनमध्ये अल्ट्रासोनिक धुऊन लगेच फवारणीला द्यायचे. फवारून आल्यावर एका सॅम्पलचा काप घेऊन जाडी आणि सच्छिद्रता मोजा. चांगल्या एचव्हीओएफ कोटिंगमध्ये छिद्रे एक-दोन टक्क्यांच्या आत असतात. छिद्रे जास्त असतील आणि कणांच्या सीमांवर काळ्या रेघांचे जाळे दिसत असेल, तर पावडर ज्वालेतच बरीच ऑक्सिडाइझ झाली आहे. नायक्रॅलीत याचा अर्थ ॲल्युमिनियम आणि इट्रियमचा काही साठा चाचणीआधीच खर्ची पडला. अशी बॅच भट्टीत घालण्यात वेळ घालवू नका.

क्षेत्रफळ मोजण्यात होणारी चूक छोटी वाटते, पण तिचा वर्ग होतो. मूळ २० × १५ × ३ मिमी सॅम्पलचे क्षेत्रफळ ८.१० चौ.सेमी. सहा बाजूंना २०० मायक्रॉन चढल्यावर माप होते २०.४ × १५.४ × ३.४ मिमी आणि क्षेत्रफळ ८.७२ चौ.सेमी. कोणी जुनेच माप वापरले तर पुढे काढायचा वेगाचा आकडा १६ टक्क्यांनी फुगतो. म्हणून फवारणीनंतरच मायक्रोमीटरने तीन-तीन ठिकाणी मोजा. शिवाय फवारलेला पृष्ठभाग खडबडीत असतो, त्याचे खरे क्षेत्रफळ मोजमापाच्या क्षेत्रफळापेक्षा जास्त असते. दोन कोटिंगची तुलना करायची असेल तर दोन्ही तशीच ठेवा किंवा दोन्ही सारखीच घासा. एक खडबडीत आणि एक पॉलिश केलेले, अशी तुलना करू नका.

बोट, काटा, भट्टी

ॲल्युमिनाची नवी बोट ओलावा आणि बाइंडर घेऊन येते. ती १२०० अंशांना काही तास भाजा, थंड करून तोला, पुन्हा भाजा. लागोपाठच्या दोन वजनांत ०.१ मिलीग्रॅमपेक्षा कमी फरक पडेपर्यंत हे करत राहा. न भाजलेली बोट चाचणीत वजन गमावत राहते, आणि तेवढी सॅम्पलची वजनवाढ झाकली जाते. एक रिकामी बोट शेवटपर्यंत बाकीच्यांबरोबर भट्टीत जाऊ द्या. तिचे वजन हलले तर दोष काट्यात किंवा बोटींत आहे, सॅम्पलमध्ये नाही.

काटा किती बारीक हवा, याचा हिशेब आधी करा. ९०० अंशांना चांगल्या क्रोमियाचा वेगांक (पुढे त्याला केपी म्हणू) साधारण ०.००३६ धरा, एकक मिग्रॅ प्रति चौ.सेमीचा वर्ग, दर तासाला. पहिल्या तासात वजनवाढ होईल त्याच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे ०.०६ मिग्रॅ प्रति चौ.सेमी. ८.७२ चौ.सेमीच्या सॅम्पलवर एकूण ०.५२ मिग्रॅ. ०.१ मिग्रॅ दाखवणारा काटा इथे २० टक्के चुकू शकतो. ०.०१ मिग्रॅचा काटाच वापरा. तो नसेल तर सुरुवातीच्या चक्रांचे आकडे छापू नका आणि चक्रे वाढवा.

भट्टीच्या डिस्प्लेवरचे तापमान म्हणजे सॅम्पलचे तापमान नव्हे. वेगळा, तपासलेला थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) घ्या. ९०० अंशांना के-टाइप चालतो, मात्र बराच काळ तापत राहिला की तो भरकटतो, म्हणून अधूनमधून एस-टाइपशी ताडून पाहा. ट्यूब भट्टीत तो दर दोन सेंटीमीटरला सरकवत तापमान नोंदवा आणि ९०० च्या वर-खाली ५ अंशांत येणारा पट्टा खडूने नळीबाहेर आखून ठेवा. सगळ्या बोटी त्यातच बसल्या पाहिजेत. बसत नसतील तर सॅम्पल कमी करा, पट्टा वाढवू नका.

नळीची दोन्ही टोके घट्ट बंद करू नका. उघड्या पोलादाचे दोन सॅम्पल आत असतील तर ते ऑक्सिजन ओढून घेतात आणि शेजारच्या कोटिंगला तो कमी पडतो. दुसरीकडे पंख्याचा झोतही नको. दोन्ही टोकांना सैल सिरॅमिक बूच पुरते.

हवेतल्या वाफेची नोंद ठेवा, विशेषतः क्रोमियाच्या कोटिंगसाठी. मुंबईत किंवा रत्नागिरीत भर पावसाळ्यात दवबिंदू २५ अंशांच्या घरात असतो, म्हणजे हवेत सुमारे ३ टक्के वाफ. हिवाळ्यात नागपूरला दवबिंदू १० अंश असेल तर तेच प्रमाण सव्वा टक्का. जुलैत एक कोटिंग आणि डिसेंबरात दुसरे, असे करून त्यांची तुलना मांडणे क्रोमियावर अन्याय आहे. दोन्ही एकाच वेळी, एकाच भट्टीत घाला. जमत नसेल तर हवा वाळवणाऱ्या जेलमधून घ्या.

चक्रे देणे

भारतातल्या प्रयोगशाळांत रुळलेली पद्धत अशी: एक तास ९०० अंशांना, २० मिनिटे बाहेर स्थिर हवेत, मग वजन. अशी ५० चक्रे. जागतिक मानक हवे असेल तर चक्रीय चाचणीला आयएसओ १३५७३ आणि स्थिर तापमानाच्या चाचणीला आयएसओ २१६०८ पाहा. चक्रांची लांबी तुम्ही ठरवू शकता, पण एकदा ठरवली की बदलायची नाही.

‘एक तास’ कधीपासून मोजायचा? थंड बोट भट्टीत सरकवली की सॅम्पल तापायला काही मिनिटे जातात. एका जादा सॅम्पलला थर्मोकपल जोडून तशाच बोटीत ठेवा आणि ८९५ अंश गाठायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा. तेवढा वेळ तासाच्या वर धरा. जाड बोट आणि पातळ बोट यांत इथे चांगलाच फरक पडतो, म्हणून सगळ्या बोटी एकाच मापाच्या घ्या.

बाहेर काढताना बोटीवर भाजलेले सिरॅमिक झाकण ठेवा आणि ती विटेवर ठेवा. लोखंडी टेबलावर नको, तिथे ती एका बाजूने झपाट्याने थंड होते. पहिली दोन मिनिटे कान देऊन थांबा. खपली सुटते तेव्हा बारीक टिकटिक ऐकू येते आणि तुकडे उडतात. झाकण नसेल तर ते बोटीबाहेर जातात आणि तुमचा हिशेब कायमचा तुटतो. ऑक्साइड थंड होताना धातूच्या जवळपास निम्मेच आक्रसते. ९०० वरून खोलीच्या तापमानाला येताना दोघांत सुमारे ०.७ टक्के फरक पडतो आणि तो सगळा ताण दोन-तीन मायक्रॉनच्या थराला दाबून सोसावा लागतो. टिकटिक कोणत्या चक्रात सुरू झाली, हे वहीत लिहा. तो आकडा केपीइतकाच मोलाचा असतो.

कोमट बोट काट्यावर ठेवू नका. तिच्याभोवतीची गरम हवा वर चढते आणि वजन कमी दाखवते. मिलीग्रॅमचा फरक सहज पडतो. २० मिनिटांनी बोट हाताला गार लागत नसेल तर डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) आणखी ठेवा. प्रत्येक फेरीत आधी २० ग्रॅमचे प्रमाणित वजन, मग रिकामी बोट, मग सॅम्पल, असा क्रम ठेवा. हाताने सॅम्पलला कधीच स्पर्श नको. घामातले मीठ क्रोमियाच्या थराला वेगाने पोखरते.

वजने दोन प्रकारची घ्या. बोट आणि सॅम्पल मिळून घेतलेले वजन सुटलेल्या खपल्यांसकट असते, त्यातून एकूण किती ऑक्सिजन शोषला ते कळते. सॅम्पल प्लास्टिकच्या टोकाच्या चिमट्याने उचलून एकट्याचे वजन घेतले तर किती खपली सुटली ते कळते. पण दर वेळी उचलले तर चिमटाच खपली पाडतो. म्हणून तीनपैकी दोन सॅम्पल कधीच उचलू नका आणि तिसरा दर पाच चक्रांनी उचला. तिसऱ्याचा आलेख बाकीच्या दोघांपेक्षा वेगळा निघाला तर त्याचे कारण तुम्हाला माहीत असेल.

सुरक्षेतली एक गोष्ट सहज दुर्लक्षित होते. क्रोमियातून उडणारी वाफ नळीच्या थंड टोकाला किंवा भट्टीच्या अस्तरावर जमते. तिथे पिवळसर डाग दिसले तर ते सहासंयुजी क्रोमियमचे, म्हणजे कर्करोगकारक असण्याची शक्यता धरा. ते कोरड्या कुंच्याने झाडू नका. हातमोजे आणि मास्क घालून ओल्या फडक्याने पुसा आणि फडके वेगळ्या कचऱ्यात टाका. भट्टीवर एक्झॉस्ट असू द्या. तापलेली बोट काढताना फेसशील्ड आणि लांब चिमटा हवाच.

आकड्यांतून केपी काढणे

दाट थरातून आयन झिरपण्यावर वेग अवलंबून असेल तर वजनवाढीचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. हा नियम कार्ल वॅग्नर यांनी १९३३ साली सैद्धांतिक पायावर उभा केला. सूत्र सोपे आहे: (वजनवाढ ÷ क्षेत्रफळ) चा वर्ग = केपी × वेळ. पण फवारलेल्या कोटिंगवर ते डोळे झाकून लावले की उत्तर चुकते. पहिल्या काही तासांत ऑक्सिजन छिद्रांत आणि कणांच्या सीमांवर शिरतो आणि वजन एकदम उडी घेते. त्या उडीचा वरच्या थराच्या वाढीशी संबंध नसतो.

समजा १० तासांनी वजनवाढ ०.३४० आणि ५० तासांनी ०.५७४ मिग्रॅ प्रति चौ.सेमी आली. सरळ ०.५७४ चा वर्ग करून ५० ने भागले तर ०.००६६ येतात. आता वर्गाऐवजी वेळेचे वर्गमूळ आडव्या अक्षावर घ्या. १० चे वर्गमूळ ३.१६, ५० चे ७.०७. उतार = (०.५७४ − ०.३४०) ÷ (७.०७ − ३.१६) = ०.०६०, आणि त्याचा वर्ग ०.००३६. जवळपास निम्मा! सुरुवातीची ०.१५ ची उडी या पद्धतीत आलेखाच्या छेदबिंदूत जाऊन बसते आणि उताराला धक्का लावत नाही. छेदबिंदूही अहवालात द्या, तो कोटिंगच्या सच्छिद्रतेबद्दल बोलतो. अर्थात उतार दोन बिंदूंवर न काढता १० ते ५० तासांच्या सगळ्या बिंदूंवरून रेषा बसवून काढायचा; वरचा हिशेब फक्त फरक दाखवण्यासाठी आहे.

शोधनिबंधांतले आकडे ग्रॅम आणि सेकंदांत असतात. तुमचा तासाचा आकडा ३६० कोटींनी भागला की त्या एककात येतो. ०.००३६ चे होतात १० चा उणे १२ वा घात. ९०० अंशांना हा क्रोमियाचा ओळखीचा आकडा आहे. स्थिरावलेले ॲल्युमिना दहा ते शंभर पटींनी कमी येते. तुमच्या नायक्रॅलीचा केपी क्रोमियाच्या पातळीवर येत असेल, तर ॲल्युमिनाचा सलग थर धरलेलाच नाही, अशी शंका घ्या.

वजनावरून जाडी काढणे सोपे आहे. शोषलेल्या १ मिग्रॅ प्रति चौ.सेमी ऑक्सिजनमागे ॲल्युमिना ५.३ मायक्रॉन, क्रोमिया ६.१ मायक्रॉन जाड होते. ०.४२ मिग्रॅची वाढ सगळी क्रोमियात गेली असेल तर थर २.६ मायक्रॉनचा असावा. सूक्ष्मदर्शकाखाली ८ मायक्रॉन दिसले तर वजनात कुठेतरी तूट आहे: खपल्या उडाल्या, बोट हलकी झाली किंवा क्रोमिया वायुरूप झाले. १.५ मायक्रॉनच दिसले तर उरलेला ऑक्सिजन कोटिंगच्या आत शिरला आहे. हा ताळा प्रत्येक सॅम्पलचा घ्या.

नायक्रॅलीचा साठाही मोजता येतो. २०० मायक्रॉन जाडी आणि साडेसात घनता धरली तर दर चौ.सेमीला १५० मिग्रॅ कोटिंग, त्यात १० टक्के म्हणजे १५ मिग्रॅ ॲल्युमिनियम. १ मिग्रॅ ऑक्सिजन १.१२५ मिग्रॅ ॲल्युमिनियम खातो. हिशेबाने हा साठा ७० मायक्रॉन ॲल्युमिनाला पुरेल. प्रत्यक्षात तो दोन्हीकडून गळतो: वर ऑक्साइडकडे आणि खाली मूळ धातूत झिरपून. शिवाय पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली की बरेच ॲल्युमिनियम उरलेले असूनही सलग थर पुन्हा धरत नाही. खपली सुटेल तेवढ्या वेळा तो थर नव्याने भरावा लागतो, म्हणून चिकटपणा वेगापेक्षा जास्त महत्त्वाचा. इट्रियमचे काम इथेच आहे. धातूतला गंधक ऑक्साइडच्या बुडाशी जमून त्याची पकड ढिली करतो. इट्रियम त्याला आधीच बांधून ठेवते. ते ज्वालेत ऑक्साइड होऊन बसले असेल तर पावडरच्या डब्यावर १ टक्का छापलेला असून उपयोग नाही.

आलेख वाचणे

वेळेच्या वर्गमुळासमोर सरळ रेष आली तर थर दाट आहे. रेषा वर वळू लागली तर थराला तडे जाऊन नवा धातू उघडा पडतो आहे, किंवा कोटिंग ओलांडून ऑक्सिजन खालच्या पोलादाला भिडला आहे. अशा वेळी सॅम्पल डोळ्यांनी पाहा. कडेला तांबूस-तपकिरी ठिपके आले असतील तर ते लोखंडाचे ऑक्साइड, म्हणजे कडेचे कोटिंग फुटले. निकेल-क्रोमियमवर करडा-हिरवट रंग अपेक्षितच आहे. रेषा खाली वळत असेल आणि बोटीत खपल्या नसतील तर क्रोमिया उडते आहे. एकाच चक्रात वजन खाली पडून पुढे पुन्हा पूर्वीच्याच उताराने चढले तर बोटीबाहेर तुकडा गेला. त्या बिंदूच्या पुढचे आकडे वगळा आणि तसे लिहा. तीन सॅम्पलांपैकी एकच वेगळा वागत असेल तर त्याला सरासरीत मिसळून लपवू नका. तिन्हींच्या रेषा वेगवेगळ्या काढा.

काप घेणे आणि तपासणी

खपलीचा थर नाजूक असतो. कापताना तो पडला तर पन्नास चक्रे फुकट. कापण्याआधी सॅम्पल पातळ इपॉक्सीत निर्वाताखाली बुडवा, म्हणजे इपॉक्सी तड्यांत शिरते. गरम दाबाचे माउंटिंग नको, दाबाने खपली चुरते. कमी वेगाच्या हिऱ्याच्या पात्याने, पाते कोटिंगमधून मूळ धातूकडे जाईल असे धरून कापा; उलट धरले तर पाते कोटिंगला बाहेर ओढते. मग कागदावर आणि शेवटी एक मायक्रॉनच्या डायमंड पेस्टवर पॉलिश.

एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) आणि ईडीएस (त्याला जोडलेले, मूलद्रव्ये ओळखणारे उपकरण) स्वतःकडे नसेल तर आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या सुविधेत बाहेरच्यांचे सॅम्पलही तपासून मिळतात. तिथे जाताना काय पाहायचे ते ठरवून जा. ऑक्सिजन, क्रोमियम, ॲल्युमिनियम, निकेल आणि लोखंड यांचे नकाशे एकाच जागेचे घ्या: एक जागा मध्यावरची, एक कडेची. कोटिंग आणि मूळ धातू यांच्या सीमेवर ॲल्युमिनियम-ऑक्सिजनचे टोकदार तुकडे दिसले की ‘अंतर्गत ऑक्सिडेशन’ असे लिहिण्याचा मोह होतो. ते बहुधा ब्लास्टिंगचे रुतलेले ग्रिट असते. राखून ठेवलेल्या, भट्टीत न गेलेल्या सॅम्पलचा काप शेजारी ठेवा: तिथेही तेच तुकडे असतील तर प्रश्न मिटला. लोखंडाचा नकाशा विसरू नका. स्टेनलेसमधले लोखंड कोटिंगमधून वर चढत असेल तर त्याचा माग तिथेच लागतो.

एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखण्याच्या तपासणीत) एक्स किरण कित्येक मायक्रॉन आत जातात, त्यामुळे अडीच मायक्रॉनच्या थराच्या रेषा कोटिंगच्या रेषांपुढे दबतात. ‘ॲल्युमिना आढळले नाही’ असा निष्कर्ष काढण्याआधी तिरप्या, कमी कोनाच्या किरणांनी पुन्हा मोजून घ्या. थीटा आणि अल्फा ॲल्युमिना वेगळे ओळखायचे असतील तर मोजणी सावकाश, लहान टप्प्यांनी करायला सांगा. सुटलेल्या खपल्या टाकू नका. त्यांची वेगळी एक्सआरडी काढली तर वरचा निकेल-क्रोमियम स्पिनेल (दोन्ही धातूंचा मिश्र ऑक्साइड) आणि निकेल ऑक्साइड स्वच्छ दिसतात.

अहवालात काय लिहायचे

कोटिंगची पावडर आणि तिची बॅच, फवारणीनंतरची जाडी, छिद्रांचे प्रमाण, खडबडीतपणा, क्षेत्रफळ कशावरून काढले, बोट किती अंशांना भाजली, तास कुठून मोजला, हवेतली वाफ, रिकाम्या बोटीच्या वजनातला बदल. मग तिन्ही सॅम्पलांच्या रेषा, केपी कोणत्या तासांमधल्या बिंदूंवरून काढला, छेदबिंदू, खपलीचा पहिला आवाज कोणत्या चक्राला आला आणि ५० चक्रांनंतर बोटीत किती मिलीग्रॅम खपली साठली. उघड्या धातूच्या सॅम्पलशी तुलना टक्क्यांत देऊ नका. दोघांचे केपी आणि खपलीचे वजन शेजारी शेजारी द्या. चाचणी संपल्यावरही सॅम्पल त्यांच्याच बोटींत, झाकण लावून डेसिकेटरमध्ये ठेवा. काही खपल्या भट्टी बंद झाल्यावर काही दिवसांनी सुटतात, विशेषतः दमट हवेत ॲल्युमिनाच्या, आणि त्या कोणत्या सॅम्पलच्या होत्या हे बोटीवरूनच सांगता येते.